ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर

डहाणूच्या किनाऱ्यावरून अथवा तलासरीच्या माळावरून रात्रीं आकाश पाहतांना बालवाचकांस कधीं असा प्रश्न पडला असेल कीं, अमुक ग्रह अमुक रात्रीं कोठें असेल, हें पंचांगकर्त्यास वर्षभर आधीं कसें कळतें? ज्यांनीं आपलें आयुष्य या प्रश्नास वाहिलें, त्या एका शाळामास्तरांचें हें अल्प चरित्र आहे.

व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ सालीं नरगुंद येथें झाला. १८७४ मध्यें ते मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत शिरले, व १९११ सालीं बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक असतां निवृत्त झाले. त्या काळीं जुन्या कोष्टकांवरून केलेलीं पंचांगें आकाशाशीं जुळत नसत; लिहिलेल्या वेळीं ग्रहण दिसेलच, असा भरंवसा नसे. केतकरांनीं युरोपांतील नवें सूक्ष्म गणित अभ्यासिलें व तें ज्योतिर्गणित, केतकी ग्रहगणित इत्यादि ग्रंथांत आपल्या पद्धतीनें उतरविलें. गणितानें जें येईल तें डोळ्यांस दिसलें पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता.

१९११ सालीं फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेंत त्यांनीं नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असें भाकीत केलें. पैकीं एकाचें अंतर पृथ्वी व सूर्य यांमधील अंतराच्या ३८.९५ पट, व प्रदक्षिणाकाल सुमारें २४२ वर्षें त्यांनीं काढिला. १९३० च्या फेब्रुवारींत प्लूटो सांपडला. त्याचें सरासरी अंतर सुमारें ३९.५ पट व काल सुमारें २४८ वर्षें आहे. त्याच वर्षीं ऑगस्टांत केतकर निवर्तले. हें साम्य योगायोगाचें होतें, असें आजचे ज्योतिर्विद मानतात; दुसरा ग्रह तर सांपडलाच नाहीं.

२००६ सालीं प्लूटोची गणना बटुग्रहांत होऊन लघुग्रहांच्या यादींत त्यास १३४३४० हा क्रमांक मिळाला. त्याच वर्षीं निघालेलें न्यू होरायझन्स हें यान १४ जुलै २०१५ रोजीं त्याच्या जवळून गेलें. समुद्रांत चालत्या होडीस गांठूं पाहणारा डहाणूचा नाखवा तिच्या पुढल्या बाजूस रोख धरतो. लघुग्रहाकडे यान धाडणारे गणितीहि तसेंच करतात. तो आज जेथें दिसतो तेथें नव्हे, तर यान पोंचेल त्या दिवशीं जेथें असेल तेथें ते नेम धरतात, आणि वाटेंत वारंवार वेध घेऊन मार्ग सुधारतात.

केतकरांनीं असें यान पाहिलें नाहीं. परंतु त्यामागील शिस्त त्यांनीं जन्मभर पाळली. विद्यार्थीमित्रांनो, उत्तर आकाशाशीं जुळलें नाहीं तर दोष आकाशास देऊं नये. पाटी पुसून गणित पुन्हां मांडावें.