भाऊंचा तोतया

परतूर म्हणजे आपल्या घनसावंगीचा शेजारचा तालुका. तिथूनच मार्च १७६० मध्ये सदाशिवराव भाऊ उत्तरेकडे निघाले. चिमाजी आप्पांचा हा मुलगा, उदगीर नुकतंच जिंकलेला, वय जेमतेम तिशीचं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर ते पडले. अंत्यसंस्कारही तिकडेच झाले. पुण्यात कुणी काहीच पाहिलं नाही. पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. ‘भाऊ जिवंत आहेत’ ही कुजबुज वर्षानुवर्षं चालली. मग सुखलाल नावाचा तोतया उभा राहिला. कोकणात लोक त्याच्यामागे गेले, किल्लेही हाती आले. १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला.

लोक बावळट नव्हते. दुःख जवळ होतं, पुरावा लांब. म्हणून पुढचा फॉरवर्ड ढकलण्याआधी स्वतःला विचारा: हे खरंय, की खरं असावं असं मला वाटतंय?