थॉमस अ‍ॅडिस : मूत्रपिंडाचे ओझे हलके करणारा वैद्य

मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या रुग्णाने प्रथिने किती खावीत, हा प्रश्न वैद्यकशास्त्रात शंभराहून अधिक वर्षे चर्चिला जात आहे. प्रथिने अधिक घेतली तर दुखऱ्या मूत्रपिंडावर ताण पडतो आणि फार कमी केली तर शरीर स्वतःचेच स्नायू झिजवू लागते. या दोन संकटांमधील वाट मोजमापाच्या आधारे शोधण्यात डॉ. थॉमस अ‍ॅडिस यांनी आयुष्य वेचले.

अ‍ॅडिस यांचा जन्म १८८१ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. तेथेच वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून त्यांनी जर्मनीत पुढील अध्ययन केले. त्यांचे आरंभीचे संशोधन रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक विकारावर, म्हणजे हिमोफिलियावर होते. १९११ मध्ये ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजू झाले. विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय त्या काळी सॅन फ्रान्सिस्को शहरात होते. तेथे ते मूत्रपिंडाच्या विकारांकडे वळले.

त्या काळी या विकारांना सरसकट ‘ब्राइटचा विकार’ म्हटले जाई. रोग कोणत्या टप्प्यावर आहे, हे रुग्ण जिवंत असताना सांगणे कठीण होते. अ‍ॅडिस यांनी ठरावीक तासांत जमा झालेल्या मूत्रातील रक्तपेशी व इतर घटक मोजण्याची पद्धत १९२५ मध्ये मांडली. ती ‘अ‍ॅडिस काउंट’ या नावाने प्रसिद्ध झाली. विकृतिशास्त्रज्ञ जीन ऑलिव्हर यांच्यासह त्यांनी १९३१ मध्ये या विकारावर ग्रंथही प्रसिद्ध केला.

आहाराविषयी डॉक्टरांमध्ये तेव्हा दोन टोकाची मते होती. काहींच्या मते प्रथिने शक्य तितकी वर्ज्य करावीत, तर मूत्रावाटे अल्ब्युमिन वाहून जाते म्हणून रुग्णाला भरपूर प्रथिने द्यावीत, असे इतर काही मानीत. अ‍ॅडिस यांचा विचार निराळा होता. प्रथिनांच्या विघटनातून युरिया तयार होतो आणि तो बाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे मोठे काम आहे. मोडलेल्या हाडाला जशी विश्रांती, तशी आजारी मूत्रपिंडाला कामात सवलत द्यावी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मात्र ही सवलत स्नायूंच्या मोबदल्यात मिळू नये, याची त्यांना जाणीव होती. १९३६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या प्रत्येक अवयवातून किती प्रथिन कमी होते, हे मोजले. आकाराच्या मानाने सर्वाधिक घट यकृतात आढळली. म्हणूनच ते रुग्णाला शरीराची किमान गरज भागेल इतके प्रथिन देत आणि मूत्रावाटे जाणाऱ्या प्रथिनाची भर त्यात घालीत. रुग्णाला आजाराची सर्व माहिती देऊन उपचारात सहभागी करून घेणे, हेही त्यांच्या दवाखान्याचे वैशिष्ट्य होते.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग. १९४१ मध्ये पॉलिंग यांच्या अंगावर सूज आली आणि मूत्रपिंडाच्या गंभीर विकाराचे निदान झाले. व्यवहारोपयोगी कृत्रिम मूत्रपिंडाचा रुग्णावर पहिला वापर व्हायला अजून दोन वर्षे होती. अ‍ॅडिस यांनी त्यांना कमी प्रथिनांचा, मीठविरहित आहार सांगितला. पत्नी एव्हा हेलन यांनी प्रत्येक पदार्थातील प्रथिनांचा हिशेब ठेवून तो अनेक वर्षे सांभाळला. पॉलिंग बरे झाले, पुढे दोन नोबेल पुरस्कारांचे मानकरी ठरले आणि १९९४ पर्यंत जगले.

स्पेनमधील प्रजासत्ताकवाद्यांचे व तेथील निर्वासितांचे खंबीर समर्थक म्हणूनही अ‍ॅडिस ओळखले जात. १९४४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. १९४८ मध्ये त्यांचा अखेरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर डायलिसिसचे युग आले आणि आहारोपचार मागे पडला. १९८२ मध्ये बोस्टनच्या ब्रेनर, मायर व होस्टेटर यांनी, शिल्लक राहिलेल्या गाळण्यांवर जादा प्रथिनांमुळे दाब वाढून त्या लवकर निकामी होतात, अशी मांडणी केली आणि अ‍ॅडिस यांच्या विचाराला नवा आधार मिळाला. स्नायू का झिजतात, हेही नंतर स्पष्ट झाले. आजारी मूत्रपिंडे आम्ल पुरेसे बाहेर टाकू शकत नाहीत. रक्तातील आम्लता वाढली की स्नायूंमधील प्रथिने तोडणारी यंत्रणा जोर धरते. दीर्घकाळचा दाह आणि इन्सुलिनचा मंदावलेला परिणाम यांमुळेही झीज वाढते. म्हणून अनेक रुग्णांना सोडियम बायकार्बोनेट दिले जाते.

२०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार विकार बराच पुढे गेलेल्या, पण डायलिसिस सुरू न झालेल्या व मधुमेह नसलेल्या रुग्णास, देखरेखीखाली, शरीराच्या दर किलो वजनामागे ०.५५ ते ०.६० ग्रॅम प्रथिने दिवसाला सुचवली जातात. ५० किलो वजनाच्या व्यक्तीस हे प्रमाण २८ ते ३० ग्रॅम होते. डायलिसिस सुरू झाल्यावर हा हिशेब उलटतो. त्या प्रक्रियेत अमिनो आम्ले वाहून जात असल्याने दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. अशा वेळी जुनेच पथ्य चालू ठेवले तर त्याची किंमत स्नायूंना मोजावी लागते. पथ्य सर्वांना एकच नसते, ते रुग्णागणिक मोजून ठरवायचे असते, ही अ‍ॅडिस यांची शिकवण म्हणूनच आजही मोलाची आहे.