एड्सगर डाइक्स्ट्रा : जवळचा रस्ता शोधून देणारा माणूस

मोबाईलच्या नकाशात गावाचं नाव टाकलं की लगेच रस्ता दिसतो. शेकडो रस्त्यांतून नेमका जवळचा कसा सापडतो? याचं एक उत्तर १९५६ मध्ये नेदरलँड्समधल्या एका तरुणाने शोधलं होतं. त्याचं नाव एड्सगर डाइक्स्ट्रा.

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम शहरात झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितात पारंगत. मुलाला मात्र कायदा शिकायचा होता! पण गणित आणि विज्ञानात गुण इतके चांगले पडले की घरच्यांनी आणि शिक्षकांनी त्यांना विज्ञानाकडे वळवलं. लायडन विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकू लागले. १९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रामिंगचा एक छोटा अभ्यासक्रम केला आणि १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून काम सुरू केलं.

आता खरी अडचण आली. भौतिकशास्त्र म्हणजे मानाचा विषय. प्रोग्रामिंगला तेव्हा वेगळी पदवीही नव्हती. उद्या कोणी विचारलं की तुला नक्की काय येतं, तर सांगायचं काय? १९५५ मध्ये त्यांनी ही काळजी आपले वरिष्ठ व्हान वाइनगार्डन यांच्यापुढे मांडली. वरिष्ठांचं म्हणणं असं पडलं की संगणक आता कुठे जात नाहीत. आणि या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणारा माणूस तूच का असू नये? डाइक्स्ट्रांनी भौतिकशास्त्राची पदवी पटकन पूर्ण केली आणि प्रोग्रामिंगच धरलं. मला वाटतं, नकाशावरचा रस्ता शोधण्यापेक्षा हा रस्ता निवडणं जास्त अवघड होतं.

१९५६ मध्ये केंद्राचा आर्मॅक नावाचा नवा संगणक लोकांना दाखवायचा होता. संगणक म्हणजे काय हे माहीत नसलेल्यांनाही समजेल असा प्रश्न हवा होता. डाइक्स्ट्रांनी निवडला तो रस्त्याचा: रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला सर्वांत कमी अंतराने कसं जायचं? एके दिवशी ते होणारी पत्नी रिया हिच्यासोबत खरेदीला गेले होते. दमून दोघे कॉफी प्यायला बसले आणि तिथेच सुमारे २० मिनिटांत उत्तर सुचलं. कागद नाही, पेन नाही. डोक्यात मावेल इतकंच ठेवायचं, म्हणून रीतही साधी निघाली.

बघा, करून पाहू. अ पासून ब ४ किमी, अ पासून क २ किमी, आणि क पासून ब १ किमी. आधी सर्वांत जवळचं गाव पक्कं करायचं: क, २ किमी. का पक्कं? कारण दुसऱ्या वाटेने जायचं तर आधी ब गाठावं लागेल, तिथेच ४ किमी होतात! आता क वरून ब कडे बघा. २ अधिक १, म्हणजे ३. मग ब चे ४ खोडून ३ लिहा. झालं! गावं कितीही वाढू देत, हेच पुन्हा पुन्हा करत जायचं. आर्मॅकच्या नकाशात ६४ शहरं होती.

हा शोध छापून आला तो १९५९ मध्ये, अवघ्या तीन पानांत. दरम्यान १९५७ मध्ये लग्न झालं. नोंदणीत व्यवसाय लिहायचा होता. त्यांनी प्रोग्रामर सांगितलं; कार्यालयाने असा व्यवसायच नसतो म्हणून नाकारलं. शेवटी भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं!

पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत शेकी नावाच्या यंत्रमानवाला वाट शोधून देण्यावर काम चाललं होतं. तिथल्या तिघा संशोधकांनी या रीतीत एक भर घातली. आतापर्यंत किती आलो, एवढंच बघायचं नाही. अजून किती उरलं असेल याचा अंदाजही धरायचा. म्हणजे भलत्या दिशेला शोध फार पसरत नाही. ही रीत म्हणजे ए-स्टार. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासात ती आजही सुरुवातीलाच शिकवतात.

१९७२ मध्ये डाइक्स्ट्रांना संगणकशास्त्रातला मोठा मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ ते १९९९ ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शिकवत होते. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधल्या न्यूनेन इथे त्यांचं निधन झालं. गंमत म्हणजे संगणकाचा हा माणूस फाउंटन पेनने सुंदर अक्षरात लिहायचा. त्यांची १३०० हून अधिक टिपणं टेक्सास विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवली आहेत. इंग्रजी नीट कळलं नाही तरी एकदा ते अक्षर जरूर बघा.