विनोबांचे गुरुऋण

कोकणात गागोदे नावाचे एक लहानसे गाव आहे. पूर्वी ते कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. आज त्या जिल्ह्यास रायगड म्हणतात. या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. हेच पुढे विनोबा म्हणून प्रसिद्ध झाले.

विनोबांच्या पहिल्या गुरू म्हणजे त्यांच्या आई रुक्मिणीबाई. तुळशीला पाणी घातल्यावाचून त्या मुलाला जेवू देत नसत. संस्कृत गीता त्यांना समजत नसे, म्हणून ती सोप्या मराठीत आणण्यास त्यांनी मुलाला सांगितले. १९१८ साली त्या वारल्या. पुढे १९३०-३१ मध्ये विनोबांनी 'गीताई' लिहून त्यांची इच्छा पुरी केली.

वडिलांच्या नोकरीमुळे विनोबांचे शिक्षण बडोद्यास झाले. पण त्यांचे मन परीक्षांत रमेना. एके दिवशी त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत टाकली. मार्च १९१६ मध्ये परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले आणि काशीस गेले. तेथे गांधीजींच्या एका भाषणाची वार्ता त्यांच्या कानी आली. त्यांनी आपल्या शंका पत्राने विचारल्या. गांधीजींनी त्यांना भेटीस बोलावले. ७ जून १९१६ रोजी विनोबा अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात पोहोचले, तेव्हा गांधीजी भाजी चिरीत होते. त्यांनी पाहुण्याच्या हातीही एक सुरी दिली! श्रमाचा पहिला धडा असा मिळाला.

मनाजोगा गुरू लाभल्यावर त्याला सोडून जावेसे कोणाला वाटेल? परंतु विनोबांची ज्ञानाची तहान भागली नव्हती. एका वर्षाची रजा घेऊन ते वाईस गेले आणि नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदांचा अभ्यास केला. आश्रमाचे नियमही त्यांनी दूर राहून कसोशीने पाळले. या साधनेचा वृत्तान्त त्यांनी गांधीजींना कळविला. तो वाचून गांधीजींना मच्छिंद्रनाथांवर मात करणाऱ्या गोरखनाथांची आठवण झाली. शिष्य आपल्याही पुढे जावा, याचा त्यांना आनंदच वाटला. वर्ष सरताच विनोबा परत आले.

एकदा गांधीजींनी पत्रातून विनोबांची फार स्तुती केली. विनोबांनी ते पत्र वाचून फाडून टाकले, असे सांगतात. पाहणाऱ्यांस आश्चर्य वाटले. पण स्तुती जपून ठेवली तर अहंकार वाढेल, हे विनोबा जाणून होते. गुरूची शिकवण त्यांनी आयुष्यभर जपली. गुरूने केलेली प्रशंसा जपली नाही.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. रत्नागिरी जिल्ह्यातील पालगडचे सुपुत्र साने गुरुजी यांनी ती लिहून घेतली. आता शिकणारे विनोबा इतरांस शिकवू लागले होते.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. आता मार्ग कोण दाखविणार, असा प्रश्न अनेकांस पडला. विनोबांनी नवा मार्ग शोधला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीनांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी गावापुढे ठेवताच रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली. येथून भूदानाची चळवळ सुरू झाली. त्यासाठी विनोबा अनेक वर्षे गावोगाव पायी हिंडले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांचे देहावसान झाले.

दिव्याने दिवा लावावा, पण लागलेल्या दिव्याने आपल्याच तेलवातीवर जळावे. विनोबांनी गुरूंचे ऋण असे फेडले.