शाहिराच्या लेखणीतून उतरलेला फकिरा : अण्णाभाऊ साठे

१४ एप्रिलची मिरवणूक एका गल्लीतून निघते आणि १ ऑगस्टची दुसऱ्या गल्लीतून. अनेक वस्त्यांत अशी वाटणी होऊन बसली आहे. अण्णाभाऊ साठे मातंग समाजात जन्मले, कम्युनिस्ट पक्षात वाढले, धम्मदीक्षाही त्यांनी घेतली नव्हती. मग विहाराच्या स्मरणिकेत त्यांचं चरित्र कशाला, असं कुणी विचारील. आम्हाला वाटतं, बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या घरात अण्णाभाऊ परके असूच शकत नाहीत. का, ते पुढे येईलच.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. गाव वाळवा तालुक्यातलं. तेव्हा सातारा जिल्हा, आता सांगली. आई वालुबाई. त्या काळी इंग्रजांच्या कायद्याने मांगांच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का मारलेला होता. चोरी कुणीही करो, हजेरी मांगवाड्याची! शाळेत तर अण्णाभाऊ दीड दिवसच गेले म्हणतात. पुढे दुष्काळात वडिलांबरोबर सगळं घर पायी चालत मुंबईला आलं. कोळसे वेचले, हमाली केली, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत वाचत अक्षरओळख पक्की केली. ज्यांच्या घरात आज मुलांना शिकवणी आहे, त्यांनी हे मुलांना जरूर सांगावं.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांना चळवळ भेटली आणि तिथेच गाणंही फुटलं. १९४३ साली त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. कुठलं रशियातलं शहर, पण लालबाग-परळचा कामगार तो पोवाडा ऐकायला गर्दी करायचा. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. अण्णाभाऊ काय थांबणार? तमाशाला त्यांनी लोकनाट्याचं रूप दिलं, गणातला गणपती बाजूला ठेवला आणि मातृभूमीला, हुतात्म्यांना वंदन करून खेळ सुरू केला. आपल्या लोकांना या एका बदलाचं मोल वेगळं समजावून सांगायला नको.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड घरोघरी पोचली. वरवर पाहिलं तर पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याला गावाकडच्या बायकोची आठवण येते, एवढंच. पण ऐकता ऐकता कळतं, की मागे राहिलेली मैना म्हणजे बेळगाव-कारवारकडचा तोडलेला मुलूख. घरधनिणीचा विरह आणि सीमाभागाचं दुःख एकाच गाण्यात बसवणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे.

आता कादंबऱ्या. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत बसून या माणसाने तीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, कथांचे संग्रह वेगळेच. 'वैजयंता'त तमासगीर बाई आहे, 'माकडीचा माळ'मध्ये भटके लोक आहेत. पण सगळ्यांत वरचढ 'फकिरा', १९५९ सालची. गावासाठी जोगणी आणताना बाप राणोजी मारला जातो. पुढे दुष्काळात लेकरं उपाशी मरू लागतात, तेव्हा फकिरा धान्य लुटून ते भुकेल्यांत वाटतो, इंग्रजांच्या खजिन्यालाही हात घालतो. शेवटी सरकार त्याच्या माणसांना कोंडून ठेवतं आणि त्यांना सोडवायला तो स्वतः हजर होतो. तोवर मराठी कादंबरीत मांग आला तर चोर म्हणूनच यायचा. इथे तो नायक आहे, आणि त्याला कुणाची दया नको आहे. कादंबरी वाचताना पोवाड्याची चाल कानात घुमत राहते. काही समीक्षकांना ती रांगडी वाटली. आम्हाला तेच तिचं बळ वाटतं. १९६१ साली राज्य शासनाने तिला पुरस्कार दिला.

आणि ही कादंबरी अण्णाभाऊंनी अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला! पक्षाच्या कुठल्या पुढाऱ्याला नाही. बाबासाहेबांचे आणि कम्युनिस्टांचे मतभेद सगळ्यांना ठाऊक होते, अण्णाभाऊंनाही होते. तरी ज्यांचं ऋण होतं ते त्यांनी पहिल्या पानावर लिहून ठेवलं. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. तिथे उद्घाटक म्हणून बोलताना त्यांनी सांगितलं, की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे. भीमरावांचा निरोप सांगणारं, घाव घालून जग बदलायला लावणारं त्यांचं गाणं तर दर भीमजयंतीला आपल्या लाउडस्पीकरवर वाजतं. गाणाऱ्यांतल्या कितीजणांना ते अण्णाभाऊंचं म्हणून ठाऊक असतं?

१९६१ साली ते रशियाला जाऊन आले, प्रवासवर्णनही लिहिलं. पुस्तकं खपली, कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, पण पैसा झोपडीपर्यंत फारसा पोचला नाही. शेवटची वर्षं हलाखीत आणि एकटेपणात गेली. २००२ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. पण १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरातल्या छोट्याशा घरात प्राण गेला, तेव्हा वय पुरतं एकोणपन्नासही नव्हतं.