निजामाची दौलत आणि आपली वसीयत



आपल्या धाराशिव जिल्ह्याने 2023 पर्यंत ज्यांचे नाव धारण केले, ते हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान 1886 मध्ये जन्मले आणि 1911 मध्ये गादीवर आले. 1918 मध्ये त्यांनी उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उभारले. जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य अशी त्यांची ख्याती होती. मात्र अल्लाह ज्याला देतो, त्याच्याकडून परतही घेतो.

सप्टेंबर 1948 मध्ये त्यांचे राज्य गेले. रझाकारांचा धुमाकूळ आणि त्यानंतरची हिंसा, दोन्ही आपल्या जिल्ह्याने भोगली. त्याच दिवसांत हैदराबाद सरकारची दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवली गेली. ती आपल्या संमतीविना गेली, असे सांगून निजामांनी परत मागितली. बँकेने ती गोठवली.

राज्य गेलेल्या निजामांनी नव्या परिस्थितीनुसार आपली व्यवस्थाही नव्याने केली. 1950 नंतरच्या काही वर्षांत त्यांनी कुटुंबासाठी, जवाहिरांसाठी आणि दानधर्मासाठी वेगवेगळे न्यास स्थापन केले. वारस म्हणून थोरल्या मुलाऐवजी नातू मुकर्रम जाह यांचे नाव पुढे केले. 1963 मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, लंडनच्या त्या अडकलेल्या रकमेचीही दोन नातवांसाठी लेखी व्यवस्था लावली. 1967 मध्ये त्यांचे निधन झाले. 2019 मध्ये लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती आणि नातू ऐंशीच्या घरात पोहोचले होते. ती भारत सरकार व त्या दोघांच्या बाजूने गेली. विलंब दोन देशांच्या वादामुळे झाला. परंतु नातवांचा दावा उभा राहिला तो आजोबांनी उतारवयात केलेल्या कागदावर.

आता आपल्या घराकडे वळून पाहा. मुलगा हयात असता नातू वारस ठरत नाही, हे आपण जाणता. एखाद्याचे दोन मुलगे. त्यांतील एक बापादेखत अल्लाहला प्यारा झाला. त्याची यतीम मुले चुलत्यामुळे आजोबांच्या वारशाबाहेर राहतात. शरीअतने त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले आहे, ते वसीयतीचे. परंतु वसीयत मुलाच्या हयातीत लिहिलेली असेल आणि नंतर कोणी ती उघडूनही पाहिली नसेल, तर ते दार बंदच राहते.

हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांचे जीवन आठवा. हिजरी 10 मध्ये मक्केत ते अतिशय आजारी पडले. एकच मुलगी वारस म्हणून त्यांनी दोन तृतीयांश संपत्ती दान करण्याची अनुमती मागितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एक तृतीयांशावर थांबवले आणि तेही पुष्कळ असल्याचे सांगितले. साद (रजि.) बरे झाले, त्यानंतर चार दशकांहून अधिक जगले आणि त्यांना अनेक मुले-मुली झाल्या. आजारपणातील हिशेब पुढच्या आयुष्याला पुरला नसता.

म्हणून वसीयत लिहा आणि घरात जन्म, मृत्यू, निकाह, तलाक, जमिनीची खरेदी-विक्री किंवा नवे कर्ज झाले की ती पुन्हा वाचा. मरेपर्यंत ती बदलण्याचा वा रद्द करण्याचा आपणास अधिकार आहे. नव्या कागदावर तारीख घाला, जुना रद्द केल्याचे स्पष्ट लिहा, दोन साक्षीदार घ्या. शक्य असल्यास दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. कफन-दफन व कर्ज वजा जाता उरलेल्याच्या एक तृतीयांशाची मर्यादा पाळा. ज्यांचा हिस्सा अल्लाहने ठरवला आहे, त्या वारसांसाठी इतर वारसांच्या संमतीविना वसीयत करू नका. मुलीचा हक्क डावलण्यासाठी तर कदापि नाही.

निजामांपाशी न्यास होते, वकील होते. आपल्यापाशी चार एकर जमीन आणि एक घर असेल. पण त्यावर अवलंबून असणारी यतीम लेकरे तितकीच मोलाची आहेत. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत वेळेवर व न्यायाने पोहोचवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.