क्रांतिसिंह नाना पाटील : तुफान सेनेपासून लोकसभेपर्यंत

जयनगर (बंगळुरू), ३ ऑगस्ट : सातारच्या प्रतिसरकारचे प्रणेते क्रांतिसिंह नाना पाटील यांची आज जयंती. ३ ऑगस्ट १९०० रोजी जन्मलेले पाटील वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे. ब्रिटिश सरकारची तलाठ्याची नोकरी सोडून ते १९३०च्या सविनय कायदेभंगात उतरले. गावचा जमीनमहसूल लिहिणारा हा माणूस पुढे त्याच सरकारचा अंमल गावोगाव उठवणार होता.

१९४२च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास इनाम लावले, घरदार व जमीन जप्त केली. १९४३पासून तत्कालीन सातारा जिल्ह्यातील सुमारे १५० गावांत प्रतिसरकारचा कारभार चालला. न्यायदान मंडळे तंटे मिटवीत, सावकार व दरोडेखोरांना जरब बसवीत. अल्प खर्चातील गांधीविवाह लावले जात. कुंडल हे तुफान सेनेचे मुख्य केंद्र. प्रत्यक्ष मोहिमांची धुरा जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी या तरुणांकडे होती. शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी आणि पुढे धुळ्याकडील सरकारी खजिना त्यांनी लुटला. नानांचे बळ मात्र सभेत होते. अस्सल ग्रामीण बोलीतील त्यांचे भाषण ऐकायला गावे लोटत.

तळपायावर मारण्याच्या शिक्षेवरून ‘पत्री सरकार’ हे नाव रूढ झाले. पत्री खरोखर ठोकली जाई काय, यावर आजही मतभेद आहेत. गांधीजींच्या चळवळीतून आलेल्या या माणसाच्या नावावर अशी शिक्षा नोंदली जावी, हा पेच त्यांच्या गौरवग्रंथांत बहुधा टाळला जातो. चरित्रकाराला तो टाळता येणार नाही.

१९४६मध्ये नाना प्रकट झाले. स्वातंत्र्यानंतर काँग्रेस सोडून ते शेतकरी कामगार पक्षात व पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत भूमिगत काळातील त्यांचे सहप्रवासी आणि द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना कराडची विधानसभेची जागा थोडक्या मतांनी राखता आली. एकाच चळवळीतून निघालेल्या दोन वाटा इतक्या जवळून क्वचितच दिसतात.

१९६७मध्ये नाना बीडमधून पुन्हा खासदार झाले. हा मतदारसंघ त्यांच्या कार्यक्षेत्रापासून दूर, निजामाच्या जुन्या मुलखातला. तेथे ना तुफान सेना होती, ना प्रतिसरकार.

६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार अंत्यसंस्कार वाळव्यात करण्यात आले.